राणी रंगाचा हत्ती

२० ऑक्टोबर १९८३

आमच्या उल्काच्या मुलीचं बारसं झालं. राही नाव ठेवलं. आळीतल्या बायका जमल्या होत्या आणि जाताना पाळण्यात काय काय टाकून गेल्या. प्लॅस्टिकचा खुळखुळा, रबराचा पोपट, चावी दिली की टाळ्या वाजवणारं माकड. सगळं भडक. जावईबापूंनी ठाण्याहून फिकट गुलाबी अस्वल आणलंय, ते त्यातल्या त्यात बरं.

इतकी वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. मुलगा पाचवीत माझ्या हाती येई तोवर त्याचा डोळा बाजारातल्या रंगांनी बिघडलेला असे. मग कितीही सांगा, आकाश निळं आणि डोंगर हिरवा याच्यापलीकडे तो जायचा नाही. डोळ्याला वळण लावायचं तर ते पाळण्यातच लावलं पाहिजे, असं मी मे महिन्यात निरोपसमारंभाच्या भाषणात बोललो होतो. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर कमळा म्हणाली, "मग करून दाखवा काहीतरी."

आता करून दाखवणार आहे. ड्रॉइंग मास्तरच्या कोर्सला असताना आम्हाला अजिंठ्याला नेलं होतं. तिथे छतावर कमळांतून धावणारा एक हत्ती आहे. त्याची मी केलेली नक्कल अजून कपाटात आहे. तो हत्ती कापडाचा करायचा. आत सावरीचा कापूस. रंग अजिंठ्याचेच, गेरू, बदामी आणि काजळी. शिवण कमळा करील, आकार आणि रंग माझे.

२८ ऑक्टोबर

हत्ती झाला.

भिकाजी शिंप्याने ब्लाउजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांचं एक पोतं दिलं. पडवीत बसून मी एकेक तुकडा निवडला. अंगाला गेरू, पाठीवरच्या कमळाच्या फुलाला बदामी, कडेने काजळी पट्टी. कमळाने अंगाचा तुकडा हातात घेतला.

"हाच घ्यायचा?"

"हाच."

"अख्ख्या अंगाला?"

"अख्ख्या अंगाला."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मशीनकडे गेली. तिचा हात शिवणात चांगला आहे, पण रंगाच्या बाबतीत तिला कधी काही सुचलेलं मला आठवत नाही. सोंडेचा बाक मात्र तिने नकलेपेक्षा सरस काढलाय.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

राही महिन्याची व्हायला आली. आजची गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

या वयाचं मूल लांबचं बघत नाही. आपण मांडीवर घेतो तेव्हा आपला चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं बघतं. हे मी रोज निरखून ठरवलंय. राही खिडकीच्या गजांकडे बघते. कमळाच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघते. पण उल्काने गुलाबी अस्वल तिच्यासमोर धरलं तर तिची नजर अस्वलावरून घसरून भिंतीवर जाते, तिथे काहीच नसल्यासारखी. मी हत्ती धरला. ती थांबली. हातपाय हलवायची थांबली, दूध पिताना थांबते तशी. हत्ती डावीकडे नेला, डोळे डावीकडे आले. उजवीकडे नेला, उजवीकडे.

"बघितलंन गो," कमळा म्हणाली. "चांगलं टक लावून बघितलंन."

तिला न्हाऊ घालायला सोनूबाई सकाळच्या एसटीने येते, तीही धुरी घेऊन उभी होती. म्हणाली, "मास्तर, पोरीला हत्ती बरा दिसतोय."

दिसणारच. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी जे रंग निवडले ते उगाच निवडले नसतील. सौम्य रंग डोळ्याला धरून ठेवतो, हे मी वर्गात कितीदा सांगितलं. आता तान्ह्या मुलीने सिद्ध केलं.

१९ नोव्हेंबर

आता तीन आकार झाले आहेत. हत्ती, हंस आणि बैल. तिन्ही अजिंठ्याचे. बाजारपेठेत राजाभाऊंचं कटलरीचं दुकान आहे, त्यांना दाखवायला नेले. राजाभाऊ स्पष्टवक्ते. त्यांनी हत्ती काउंटरवर ठेवला, मागे सरकून बघितला.

"परशुरामपंत, हे तुम्ही केलंत?"

"का?"

"नाही, तुम्ही म्हणजे... मला वाटलं होतं काहीतरी मातकट आणाल. हे चालेल. धावेल."

मातकट म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. सगळी ठेवून घेतली.

४ डिसेंबर

राजाभाऊंकडून निरोप, खेळणी संपली, आणखी पाठवा. तान्ही मुलं त्यांच्याकडे बघतात म्हणून बायका एकमेकींना सांगताहेत.

सकाळपासून कामाला बसतो, पण उजेड पुरत नाही. हे नवे बल्ब पूर्वीसारखे येत नाहीत, आणि व्होल्टेजही पडलेलं असतं. पांढरं कापडसुद्धा हल्ली स्वच्छ मिळत नाही, नवीन तागा उघडला तरी चहा सांडल्यासारखा. वर्तमानपत्रवाले शाई वाचवतात. कमळाला अलीकडे पेपराची गोडी लागली आहे. दुपारी मोठ्याने वाचते, मी ऐकत बसतो.

तिने तुकड्यांसाठी वेगवेगळे डबे केले आहेत. झाकणावर कोळशाने मोठ्या अक्षरात लिहिलंय, लाल, निळा, पिवळा. मी म्हटलं, मला काय रंग कळत नाहीत? म्हणाली, "मला शोधायला बरं पडतं." मी डब्यांकडे लक्ष देत नाही. हाताला येईल आणि मनाला पटेल तो तुकडा घेतो.

झालेलं प्रत्येक खेळणं मी स्वतः तपासतो. दोरा लोंबत नाही ना, सुई, टाचणी राहिली नाही ना. मी तपासलं की कमळा ते आत नेते आणि बऱ्याच वेळाने पिशवीत भरते. आत काय करत असते कोण जाणे.

१८ डिसेंबर

अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतल्या महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. माझी विद्यार्थिनी हेमा तिथल्या शाळेत चित्रकला शिकवते, तिने मला टेबल मिळवून दिलं. कमळा बरोबर आली. एसटीतून उतरताना तिने माझा दंड धरला. मी म्हटलं, मला काय म्हातारा समजतेस. म्हणाली, "मलाच चक्कर आल्यासारखं झालं."

एका इंजिनिअरच्या बायकोचं सहा आठवड्यांचं बाळ रडत होतं. मी हंस त्याच्या डोळ्यांसमोर नेला. रडणं आवरलं. भोवती पंधरावीस बायका गोळा झाल्या. मी त्यांना अजिंठ्याची माहिती सांगू लागलो, गेरू कसा काढत, काजळी कशी धरत. त्या एकमेकींकडे बघत होत्या. चित्रकलेची सवय नसलेल्या लोकांपुढे बोलताना असं होतंच.

मग हेमा आली. हत्ती उचलून हसायला लागली.

"सर, आम्हाला तुम्ही भडक रंगाला हात लावू द्यायचा नाहीत. आणि आता स्वतः राणी रंगाचा हत्ती? पण खरं सांगू, झकास दिसतोय."

"राणी कुठे? गेरू आहे तो."

ती आणखी हसली. "आणि हे पिवळंधमक कमळ बदामी का? आणि कडेची ही शाईसारखी निळी पट्टी?"

"काजळी," मी म्हटलं.

हेमा हसायची थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग कमळाकडे बघितलं. कमळा पिशवी आवरत होती. "सर, चहा घ्या ना," हेमा म्हणाली, आणि नंतर रंगाविषयी एक अक्षर बोलली नाही. चांगली विद्यार्थिनी होती. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्हींना ए ग्रेड. कॉलनीत राहून डोळा गेला तिचा.

१९ डिसेंबर

हेमाचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. आज भर उन्हात हत्ती अंगणात नेला आणि कमळाला बोलावलं.

"हा रंग कुठला?"

ती कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर वाळत घातलेली दुपटी गोळा करत होती. "गेरू म्हणाला होतात ना तुम्ही," ती म्हणाली.

झालं. घरात बघणारं माणूस आहे, तिने सांगितलं.

८ जानेवारी १९८४

कमळा परवा बहिणीकडे गुहागरला गेली. राजाभाऊंची मागणी होती म्हणून बैलाचं राहिलेलं तोंड मी हातानेच शिवलं. बोटांनी चाचपलं, खिडकीत धरून बघितलं आणि राहीच्या हातात दिला. तिला आता वस्तू धरता येते, धरली की तोंडाकडे नेते.

ती किंचाळली. मी पहिल्यांदा इतक्या वरच्या सुरात तिला रडताना ऐकलं. उल्का स्वयंपाकघरातून धावत आली. तिने बैल काढून घेतला, राहीची मूठ उघडली. तळव्यावर रक्ताचा थेंब होता, तो मला दिसला. तोंडापर्यंत गेला नव्हता बैल. उल्काने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि दुसऱ्या हाताने बैल चाचपला. कानामागून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे काय आहे, आप्पा?"

तिचं बोट आणि अंगठा दिसत होता. मधे काही नव्हतं.

"आप्पा, हे काय आहे माझ्या हातात?"

मला वाटलं, ती मला राहीच्या रक्ताचा डाग दाखवते आहे. मी तसं म्हटलं. तिने माझा हात धरला आणि ते माझ्या तळव्यावर ठेवलं. सुई होती. दोरा ओवलेला होता.

उल्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाळण्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "आई किती दिवस सांभाळतेय हे?"

९ जानेवारी

कमळा दुपारच्या गाडीने आली. उल्काने तिला दारातच सांगितलं. तिने आधी राहीचा हात उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्यासमोर येऊन बसली.

"दिवाळीपासून मी प्रत्येक खेळणं आत नेऊन परत तपासत होते," ती म्हणाली. "हंसात टाचण्या सापडल्या होत्या. दोनदा."

"मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतंत?"

उत्तर तिनेच दिलं. "खेळणी थांबवली असतीत. डॉक्टरकडे गेला नसतात. कोपऱ्यात बसला असतात मामंजींसारखे."

माझ्या वडिलांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. फार जुनी गोष्ट, मी कॉलेजातही नव्हतो. पट्टी सुटली तेव्हा त्या डोळ्यात काही उरलं नव्हतं. दुसऱ्याला त्यांनी हात लावू दिला नाही, आणि पुढची सगळी वर्षं ओटीवर भिंतीकडे तोंड करून काढली. डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की मी उठून जातो, हे कमळाला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे.

"आणि तो रंग?" मी विचारलं. "अंगणात तुला विचारला होता तो?"

"राणी," ती म्हणाली. "पण राहीला तो आवडत होता. तुम्हालाही. मग मी कशाला मोडू?"

११ जानेवारी

उल्का मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे बघितले. मोतीबिंदू. उजवा पिकलाय, डावा पिकतोय. त्यांनी खिडकीच्या पडद्याचा रंग विचारला. मी करडा म्हणालो. उल्का शेजारी होती, तिने मान खाली घातली. निळा होता म्हणे, चांगला गडद.

वडिलांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी. आता रोज होतात. पण खात्री कशाचीच देत नाही मी." खात्री दिली असती तर मी ऑपरेशनला तयार झालो नसतो. मिरजेला जायचं ठरलं.

राजाभाऊंकडची सगळी खेळणी उल्काने दुकानात जाऊन तपासली. काही निघालं नाही. कमळाने काही राहू दिलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, मिरज

(हे कमळा लिहिते आहे. ते सांगतायत तसं लिहिते.)

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आहेत, मान हलवायची नाही. खोकायचं नाही. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचे एक गृहस्थ आहेत, ते सारखे खोकतात आणि नर्स त्यांना रागावते. कुंभार्ली घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा मला वडिलांची फार आठवण आली. तेही बहुधा याच रस्त्याने गेले असतील. घरात कधी कुणी विचारलं नाही त्यांना, भीती वाटली का म्हणून. मला वाटली. हे लिही. वाटते आहे.

(झोपले. वहीत उरलेल्या जागेत मी माझं दोन ओळी लिहिते. मागचं काही वाचलं नाही. डॉक्टरांनी सकाळी पट्टी बघितलीनी, बरी आहे म्हणालेनी. खोकणाऱ्या गृहस्थांची बायको आणि मी आलटूनपालटून डबा आणतो. तिने विचारलंन, तुमचे मिस्टर काय करतात. मी म्हटलं, लहान मुलांची खेळणी करतात. बत्तीस वर्षं मास्तर होते हे सांगायचं राहूनच गेलं. इथे वॉर्डात एका बाईचं तान्हं आहे, त्याला दाखवायला हंस आणायला हवा होता.)

१४ मार्च, चिपळूण

कालपासून चष्मा लावतोय. काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. वस्तू मोठ्या आणि जवळ आल्यासारख्या दिसतात. चहा कपाबाहेर ओतला, दाराच्या चौकटीला धडकलो. पण अंगणात गेलो आणि आकाश बघितलं. एवढं निळं आकाश मी कधी पाहिलंय असं वाटेना. मुलांच्या वहीत मी हाच निळा खोडून राखाडी करायला लावत असे.

मग फळीवरचा हत्ती घेतला. राणी. दुसरा शब्द नाही. वरती हळदीसारखं पिवळं कमळ, कडेने शाईचा निळा. उजवा डोळा झाकून डाव्याने बघितला, तर तोच माझा गेरूचा हत्ती, बदामी कमळ, काजळी रेघ. उजवा उघडला, राणी. झाकला, गेरू. बराच वेळ हेच करत बसलो. असे कितीतरी हत्ती मी गावात पाठवले आणि वर अजिंठ्याचं भाषण दिलं.

उल्का पुढच्या आठवड्यात ठाण्याला निघणार. राही आता सगळ्यांना ओळखते. माझा चष्मा बघून आधी रडली, मग तो ओढायला लागली.

३० मार्च

राजाभाऊंकडे गेलो. म्हटलं, उरलेली खेळणी परत द्या, मी नवी करून देतो. रंग चुकले आहेत.

"कुणाचे चुकले?" ते म्हणाले. "गिऱ्हाईक हेच मागतंय."

"मला लाज वाटते त्यांची."

"तुम्हाला वाटत असेल. पोरांना वाटत नाही."

तरी मी नवी केली. उजव्या डोळ्याने, उन्हात बसून, नक्कल शेजारी ठेवून. गेरू म्हणजे गेरू, बदामी म्हणजे बदामी. जन्मात एवढं अचूक काम झालं नसेल. कमळाने शिवली. "छान आहेत," ती म्हणाली. तिचा हा सूर मी ओळखतो, साखर कमी पडलेल्या चहालाही ती असंच छान म्हणते.

८ एप्रिल

सोनूबाईची लेक चिमा बाळंत होऊन आईकडे, सावर्ड्याजवळच्या वाडीत आली आहे. मुलगा झाला. आज कमळाला घेऊन बघायला गेलो. पिशवीत दोन हत्ती होते, नवा आणि जुना.

चिमाने बाळ मांडीवर आडवं घेतलं. मी नवा हत्ती त्याच्यासमोर धरला. त्याची नजर त्याच्यावरून सरकली आणि आढ्याच्या काळ्या वाशांकडे गेली. पुन्हा धरला, पुन्हा सरकली. जावईबापूंच्या अस्वलाच्या वेळी राहीने हेच केलं होतं, आणि मी त्याचं कारण भलतंच लावलं होतं.

"आता तो तुमचा पयला दावा की," सोनूबाई म्हणाली.

राणी रंगाचा दाखवला. बाळ थांबलं. पाय झाडायचं थांबलं, तोंडाचा चंबू झाला. हत्ती हलवला तसे डोळे हलले.

त्या पोराचा डोळा अजून उघडतो आहे, माझा मिटत होता. मधे कुठेतरी आम्हा दोघांना एकच हत्ती दिसत होता. आता माझा उघडलाय आणि मला चांगलंवाईट कळतं, तर त्याला माझ्या हातचं दिसत नाही.

१५ एप्रिल

राजाभाऊंची मागणी आली आहे, जुन्यासारखीच पाठवा म्हणून. पोतं उपसून बसलो. हात आपोआप मातकट तुकड्यांकडे जातो. मुद्दाम भडक निवडायचं म्हटलं तर इतके भडक आहेत की कुठला कशाशेजारी ठेवावा कळत नाही, सगळेच सारखे डोळ्यावर येतात. शेवटी चष्म्याच्या उजव्या काचेवर हात धरला आणि डाव्या डोळ्याने निवडू लागलो.

कमळा दारात उभी होती. "हे काय चाललंय?"

सांगितलं.

"आणि पावसाळ्यानंतर डावाही करायचाय. तेव्हा काय झाकणार?"

ती आत जायला वळली, तेव्हा मी म्हटलं, "तू निवड."

"मी?"

"तूच. आकारही तुझा काढ. अजिंठा राहू दे."

"मला चित्रातलं काही कळत नाही म्हणता ना."

म्हणत होतो. आताही खात्रीने उलट म्हणू शकत नाही. पण ती पोत्याजवळ बसली. आधी नुसतीच बसली, हात मांडीवर ठेवून. मग एकेक तुकडा उचलून मांडीवर पसरला, परत ठेवला, दुसरा घेतला. जांभळा घेतलान. त्याच्याशेजारी पोपटी. मग पांढऱ्यावर काळे पट्टे होते त्या कापडाचा तुकडा, आणि डोळ्याला लालबुंद. "मासोळी करते," ती म्हणाली. मी कातर तिच्या हातात दिली.

२९ एप्रिल

कमळाची मासोळी पूर्ण झाली. शेपूट अंगाच्या मानाने मोठी आहे. दोन्ही डोळे एकाच बाजूला आहेत, मी दाखवून दिलं तेव्हा ती म्हणाली, "बाळ एकाच बाजूने बघणार ना, मग पलीकडे कशाला?" जांभळ्याशेजारी पोपटी मला अजून पटलेला नाही.

सकाळच्या गाडीने सावर्ड्याला गेलो. चिमाचं बाळ पडवीत चटईवर होतं, अंगावर नुसतं झबलं. मी मागे चिऱ्याच्या पायरीवर बसलो, कमळाला पुढे जाऊ दिलं. ती त्याच्याजवळ मांडी घालून बसली. मासोळी लगेच दाखवली नाहीन. आधी त्याच्याशी बोलत राहिली, नाव काय रे तुझं, दूध प्यालास का. मग पदराआडून मासोळी काढून त्याच्यापुढे धरली आणि पट्ट्यांची शेपूट हलवली.

ते बघायला लागलं. इतका वेळ कुठल्याही हत्तीकडे कुणी बघितलं नव्हतं. हात वर आला, मासोळीपर्यंत पोचला नाही, खाली पडला, पुन्हा वर आला. मग ओठ पसरले आणि ते हसलं. चिमा आतून आली. "आये, हसला गं. पयल्यांदा हसला."

सोनूबाई म्हणाली, "काकूंच्या मासोळीला हसला."

ते मासोळीला हसलं की कमळाला, हे मला नक्की सांगता येणार नाही. तीही त्याच्याकडे बघून हसत होती, मासोळी हातातच विसरून. मी पायरीवरून दोघांचेही चेहरे बघत होतो. चांगले स्वच्छ दिसत होते.